महिला आयोग, महामंडळ, महिला ग्रामसभा यांचा खरोखर उपयोग होतो का?

महिला आयोग, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि महिला ग्रामसभा यांमुळे स्त्री-पुरुष समानता पुढे सरकते की सारे कागदावरच राहते, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोहोंविषयी जाणकार लिहितीलच. मी एक पंचवार्षिक ग्रामपंचायत सदस्य होते, त्यामुळे तिसरीविषयी अधिकाराने लिहिते. कागदावर राहते हे खरे आहे, परंतु ते तसे कोण ठेवते, हेही विचारायला हवे.

प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे २००३ पासून कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे मात्र आदल्या दिवशी शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, काखोटीला मारून घरोघर फिरे, बायका भाकरी थापता थापता पिठाच्या हातानेच सही किंवा अंगठा देत आणि सभा ‘खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ अशी नोंद होई. एका ठरावाची सूचक म्हणून माझे नाव होते. तो ठराव मी प्रथम वाचला तो दप्तर मागून घेतल्यावर.

पुढच्या खेपेस मी वही ठेवून घेतली आणि रानातली कामे उरकून बायका परतल्यावर समाजमंदिरात सभा लावली. विषयपत्रिकेवर काहीच नाही, असे ग्रामसेवक म्हणाले. विषय आम्ही तिथेच काढले. पहिला विषय होता, घरपट्टीची पावती कोणाच्या नावे फाटते. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असा शासन निर्णय २००३ मध्येच निघालेला होता, तरी आमच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, विधवा सोडल्या तर एकाही बाईचे नाव नव्हते. घरांना बायकांचीही नावे लावावीत, हा आमचा ठराव ग्रामसभेत वाचला गेला तेव्हा माझे धाकटे दीर भर सभेत उठून म्हणाले, “वहिनी, घर काय कुठं पळून चाललंय का? नाव लावून करणार काय?”

घरचा तंटा चावडीवर नको म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. घर जागचे हलत नाही, भाऊजी. भांडण झाले की पिशवी भरून माहेरी जावे लागते ते बाईला. आरक्षण नसते तर वहिनी निवडून आल्या नसत्या, हेही ते आजतागायत प्रत्येक पंगतीत सांगतात. खरे आहे, जागा राखीवच होती, आणि २०११ पासून राज्यातील निम्म्या जागा तशा आहेत. परंतु त्याआधी आमच्या प्रभागातून केवळ भावकीच्या मतांवर जे निवडून येत, त्यांची गुणवत्ता कोणी तपासली होती?

आपण स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन महिला सभेचे इतिवृत्त मागावे, सह्या पाहाव्यात आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणासाठी राखलेले दहा टक्के कशावर खर्ची पडले ते विचारावे. आमच्याकडे त्यातून घेतलेल्या सतरंज्या भजनी मंडळाकडे सापडल्या.

महामंडळाबद्दल इतकेच, की १९७५ सालच्या या संस्थेने पुढे बचत गटांचे जे काम केले, त्याचा गुण मी डोळ्यांनी पाहिला: त्या सभेत न अडखळता बोलल्या त्या गटात दरमहा हिशेब वाचून सरावलेल्या बायकाच. राज्य महिला आयोग १९९३ चा. तो चौकशी करतो, समोर बोलावतो, शिफारस करतो, शिक्षा देणे त्याच्या हाती नाही. नोटिशीने काही घरे वठणीवर येतात, सगळी नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. शेतजमिनीसाठी सातबाऱ्यावरच नाव लागावे लागते, ते काम तलाठ्याकडचे, आणि तिथे महिला सभेचा ठराव पुरत नाही. आमच्या जाऊबाईंनी स्वतः अर्ज लिहून घराला नाव लावून घेतले, भाऊजींनी मुकाट्याने सही केली. सातबाऱ्याचा विषय काढला की मात्र ते अजूनही उठून गोठ्याकडे जातात.