फॉर्म कपाटात, मुलांना पत्ता नाही

पत्र, थोडक्यात: ‘वय 68. दोन वर्षांपूर्वी देहदानाचा फॉर्म भरला, दोन मैत्रिणींनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मुलांना सांगितलेलं नाही, धाकट्याला तर हे ऐकवणारही नाही. माझ्यामागे फॉर्म सापडला की त्यांना ते करावंच लागेल ना? मला मधुमेह आहे. डोळेही द्यायचेत. जमेल का?’

ताई, फॉर्म सापडेलही, पण उशिरा. गेलेल्या माणसाचं कपाट लोक आठ-दहा दिवसांनी उघडतात आणि देह पोहोचवायचा असतो काही तासांत.

शिवाय फॉर्म म्हणजे हुकूम नव्हे, ती तुमची इच्छा. वैद्यकीय महाविद्यालयाला फोन करायचा तो घरच्यांनी, देह सोपवताना सही करायची तीही बहुतेक ठिकाणी जवळच्या नातेवाइकानेच. एकाने जरी हरकत घेतली तर महाविद्यालय सहसा माघार घेतं. म्हणजे ज्याच्यापासून फॉर्म लपवलाय, त्याच्याच हातात सगळं आहे. आधी थोरल्याला सांगा, मग दोघांना एकत्र बसवून. फोन कोण करणार, हे नावानिशी ठरवा. तो बाहेरगावी असला तर दुसरा कोण, तेही.

घाई कशाची, हे मुलांना कळलं तर निम्मी चिडचिड कमी होते. मृत्यूनंतर आतड्यातले जिवाणू ऊती कुजवू लागतात, रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात. देह टिकवण्यासाठी मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मॅलिन असलेलं द्रावण आत सोडतात, मोठ्या माणसाला साधारण आठ-दहा लिटर. गुठळ्यांनी वाट अडली की ते हातापायांच्या टोकांपर्यंत जात नाही आणि तेवढा भाग खराब होतो. कुणी लांबून येणार असेल तर देह शवागारात 4 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावा; गोठवू मात्र नये, बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात.

मधुमेहाची काळजी नको, वयाचीही. नकार येतो तो वेगळ्या कारणांनी: एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, क्षयासारखा संसर्ग, मोठी शय्याव्रणं (अंथरुणाला खिळून राहिल्याने पडणाऱ्या जखमा), फार लठ्ठपणा. शवविच्छेदन झालं असेल तर जवळपास नक्कीच, कारण कापलेल्या धमन्यांतून द्रावण गळून जातं. इथेच अनेकांचं घोडं अडतं. घरी मृत्यू झाला, दाखला द्यायला ओळखीचे डॉक्टर नाहीत, प्रकरण पोलिसांकडे आणि तिथून शवविच्छेदनाला. म्हणून एकाच डॉक्टरांकडे नियमित जात राहा आणि कागदांची फाइल घरात सर्वांना माहीत असू द्या.

डोळे जरूर द्या. नेत्रदानाने देहदान अडत नाही, पण नेत्रपेढीला वेगळा फोन लागतो आणि साधारण सहा तासांच्या आत पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) काढावं लागतं. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, उशाला उशी द्यायची. मूत्रपिंड, यकृत मात्र मेंदूमृत्यूसारख्या (मेंदू कायमचा थांबलेला, श्वास यंत्रावर चालू) मोजक्या स्थितीतच देता येतात आणि ते दिले की पूर्ण देह बहुधा घेत नाहीत. आधी काय, ते घरच्यांना सांगून ठेवा.

धाकट्याचा खरा प्रश्न बहुधा ‘आईचं तिथे काय करतील’ हाच असेल. त्याला सरळ सांगा: देहाला क्रमांक देतात, नाव विद्यार्थ्यांना कळत नाही. एका टेबलाभोवती काही विद्यार्थी कित्येक महिने त्वचेपासून हाडांपर्यंत थर उलगडत शरीररचना शिकतात. उरलेल्या अवशेषांचे अंत्यसंस्कार सहसा संस्थाच करते. राख परत देतात का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, तेव्हा आत्ताच विचारून घ्या. अंत्यदर्शन घरीच उरकावं लागतं, नंतर देह पाहायला मिळत नाही, हेही लपवू नका.

महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला आणखी दोन गोष्टी विचारा: रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलतं आणि गाडी कुणाची. अनेकदा ती घरच्यांनाच करावी लागते. जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयाचा नंबरही त्याच कागदावर लिहा आणि दोन्ही नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये टाकून घ्या. नकार आलाच तर अंत्यसंस्कार कसे करायचे, तेही त्याच बैठकीत सांगून टाका.