पोल्ट्रीसाठी मका: लावण्याआधी आणि विकण्याआधी

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर-पारशिवनी भागातून दोन प्रश्न आले आहेत. एक, रब्बीत मका लावला तर पोल्ट्रीवाले घेतील का, आणि व्यापारी ओलाव्याच्या नावाने इतकी कटती, म्हणजे वजनातली कपात, का लावतात? दुसरा, अंड्यावरच्या 500 कोंबड्यांना घरचं सोयाबीन भरडून घातलं तर चालेल का?

मागणी आहे, यात शंका ठेवू नका. देशात 1950-51 मध्ये वर्षाला 183 कोटी अंडी होत, 2023-24 मध्ये 14,277 कोटी झाली. मांसासाठी वाढवला जाणारा ब्रॉयलर दोन किलोचा होईपर्यंत सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खातो आणि त्यात निम्म्याहून जास्त मका असतो. आता इथेनॉल कारखानेही त्याच मक्यावर आले, म्हणून 2024 मध्ये देशाची मक्याची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली. सोयाबीनवाल्यांनी मात्र हेही लक्षात घ्यावं: इथेनॉल काढल्यावर उरणारा मक्याचा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, खाद्यात सोयापेंडीची, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या सोयाबीनच्या चोथ्याची, जागा घेतो. पेंडीचा उठाव कमी झाला की सोयाबीनचा भावही दबतो.

पाण्याची सोय असेल तरच रब्बी मका धरा. पेरणी 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर, अंतर 60 बाय 20 सेंमी, एकरी 7 ते 8 किलो बियाणं. तुरा, फुलोरा आणि दाणा भरताना पाण्याचा ताण बसू देऊ नका. लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, बसते, म्हणून इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी, 10 लिटर पाण्यात 4 ग्रॅम, याची फवारणी थेट पोंग्यात पडली पाहिजे. पानांवरून फिरवलेला पंप वाया जातो.

खरी कमाई-बुडाई काढणीनंतर होते. दाणा कणसातून काढून त्याचं टोक नखाने खरवडा. काळा थर दिसला की दाणा पक्व झाला, पण तेव्हाही त्यात बरंच पाणी असतं. कणसं वाळवूनच मळणी करा. ओला दाणा मळणीत फुटतो, आणि फुटक्या दाण्यावर बुरशी आधी धरते. ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर पसरा, दिवसातून तीन-चार वेळा पालटा, संध्याकाळी झाका. मार्च-एप्रिलच्या अवकाळीत एकदा भिजलेला ढीग पुन्हा वाळवला तरी बुरशीचं विष जात नाही.

ते विष म्हणजे अफलाटॉक्सिन. त्याने कोंबडीचं यकृत बिघडतं, अंडी घटतात, लसीचा परिणामही कमी होतो. खाद्य गिरणीवाला काळपट दाणा पाहून गाडी परत पाठवतो, ते याच भीतीने.

ओलावा मोजायचं मीटर नसेल तर तव्यावर तापवून थंड केलेलं मीठ आणि मूठभर मका कोरड्या काचेच्या बाटलीत घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, माल विकायला बाहेर काढू नका. ओलावा 18 वरून 14 टक्क्यांवर आला की क्विंटलमागे साधारण 4 किलो 650 ग्रॅम वजन घटतं. रास्त कटती एवढीच. नागपूरच्या कळमना बाजारात जाताना हा हिशेब सोबत ठेवा आणि जास्त कापलं तर कारण विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कच्चं सोयाबीन नको. त्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही, कोंबडी भरपूर खाऊनही वाढत नाही. घरी भाजताना काही दाणे कच्चे राहतात, काही करपतात, आणि करपले की प्रथिनातला लायसिन हा गरजेचा घटक जातो. सोयाबीन विकून सोयापेंड घेणंच बरं. एका कोंबडीला दिवसाला 110 ग्रॅम धरलं तर 500 ना 55 किलो खाद्य लागेल. मका 55 टक्के धरल्यास वर्षाला सुमारे 110 क्विंटल, पेंड 22 टक्क्यांनी 44 क्विंटल. एकरी 25 क्विंटल मका पिकला तर साडेचार एकर या कोंबड्यांसाठीच राखावे लागतील. वर्षभराचा मका साठवायचा असेल तर ओलावा 12 टक्क्यांवर आणा, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा.