उलटतपासणीपासून सुरुवात कर

पहिल्यांदाच मॉक ट्रायलला, म्हणजे लुटुपुटुच्या खटल्याच्या स्पर्धेला उतरतोयस ना, मग भाषण पाठ करणं आजच थांबव. मूट कोर्ट या दुसऱ्या सराव-स्पर्धेत कायद्यावर युक्तिवाद चालतो. इथे साक्षीदार बोलतो, आणि माझ्या मते स्पर्धा उलटतपासणीतच, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारतानाच, जिंकली जाते.

साक्षीदाराचा पोलिसांसमोरचा जबाब आणि पंचनामा शेजारी-शेजारी ठेवून वाच. वेळ, अंतर, उजेड, कुठे जुळत नाही ते शोध. विसंगती सापडली की लगेच तोंडावर फेकू नकोस. आधी त्याच्याकडून आजचं विधान पक्कं करून घे, मग जबाबातला नेमका तेवढा भाग त्याच्या नजरेस आण. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १४८ ला हेच अपेक्षित आहे. (जुन्या पुस्तकांत १८७२ च्या कायद्याची कलमं असतात, सांभाळून.) एका प्रश्नात एकच गोष्ट. 'का' विचारलंस तर साक्षीदाराला सारवासारव करायला वाव मिळतो.

तुमच्या जिल्हा न्यायालयात सत्र खटल्याची साक्ष सुरू असेल तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बस. मुरलेला वकील कुठला प्रश्न विचारायचा टाळतो, ते बघ. तुमच्या संघात जी साक्षीदार होणार आहे, तिलाही सोबत ने.