ट्रकची मागून धडक आणि भरपाईचा दावा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सिग्नलला दुचाकी थांबवून उभा असताना मागून मालट्रकने धडक दिली आणि माझ्या मांडीचे हाड मोडले. आता विमा कंपनीचे वकील म्हणतात, मीच अचानक ब्रेक दाबला. (सातारा)

उत्तर : पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखणे ही मागच्या चालकाची जबाबदारी आहे आणि पुढचा केव्हाही थांबू शकतो, हे धरूनच ते अंतर राखायचे असते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. कोणाची हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे ट्रकचालक फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटला, तरी केवळ तेवढ्याने आपला दावा बुडत नाही. मात्र एवढ्यावर विसंबून राहू नये. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत आधी मिळवावी. टायर घासल्याच्या खुणा, काचांचा खच आणि दुचाकीचा चेपलेला मागचा भाग यांची नोंद त्यात नीट असेल, तर अचानक ब्रेकची कथा फारशी टिकत नाही. चौकातील सीसीटीव्हीचे चित्रण मात्र लवकर पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती पोलिसांकडे आजच करावी.

प्रश्न : रात्री द्रुतगती मार्गावर बंद पडलेल्या ट्रेलरवर आमची मोटार मागून आदळली. गाडी दीर चालवत होते, मी मागच्या सीटवर होते. मागून आदळणाऱ्याचीच चूक असते, असे सगळे सांगतात. (पनवेल)

उत्तर : सगळ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही आठवड्यांच्या अंतराने दिलेले दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. एकात चालत्या ट्रकमागे जेमतेम 10 ते 15 फूट अंतर ठेवणाऱ्या मोटारचालकाला सुरक्षित अंतर न राखल्याबद्दल दोषी धरले. दुसऱ्यात रात्री दिव्यांविना रस्त्यात उभ्या केलेल्या टँकरवर आदळलेल्या मोटारचालकाचा काहीही दोष मानला नाही. म्हणजे ट्रेलरचे पार्किंग दिवे लागलेले होते का, परावर्तक त्रिकोण ठेवला होता का आणि वाहन मार्गिकेत होते की कडेला, यावर सारे ठरेल.

आपली बाजू तर दिरांपेक्षाही भक्कम आहे. प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा नसतो; दोन्ही चालकांचा दोष निघाला, तर तो संयुक्त निष्काळजीपणा ठरतो आणि संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. नात्याचा संकोच मनात आणून दिरांच्या वाहनाचा मालक व विमा कंपनी यांना दाव्यातून वगळू नये.

प्रश्न : मी 34 वर्षांचा प्लंबर असून महिन्याला 20,000 रुपये मिळवतो. सिव्हिल सर्जनने पायाचे 40 टक्के अपंगत्व लिहून दिले आहे. किती रक्कम मिळेल? (नाशिक)

उत्तर : प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारकुनाचे कमाईतील नुकसान 40 टक्क्यांहून कमी ठरू शकते, पण उकिडवे बसून काम करणाऱ्या प्लंबरचे अधिकही ठरेल. ते 50 टक्के धरले, तर हिशेब असा होतो : 20,000 रुपयांत भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवून 28,000, त्याचे निम्मे 14,000, वर्षाचे 1,68,000 आणि आपल्या वयाचा गुणक 16 लावून 26,88,000 रुपये. उपचारखर्च, वेदना व बुडालेली मजुरी यांची रक्कम वेगळी असते. उत्पन्नाचा पुरावा हीच येथे दुखरी बाजू असते, त्यामुळे बँक व्यवहार आणि ग्राहकांच्या पावत्या जोडाव्यात. मेडिक्लेमचे पैसे मिळाले असतील, तर ते भरपाईतून वजा होत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्न : अपघात सोलापूरजवळ झाला. आठ महिने उलटून गेले, आता दावा करता येईल का? (ठाणे)

उत्तर : 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत लागू आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी निकालाची वाट पाहत बसू नये आणि विलंबाची कारणे नोंदवून अर्ज तातडीने दाखल करावा. आपण राहता तेथील न्यायाधिकरणातही तो दाखल होतो, त्यामुळे सोलापूरला खेपा घालाव्या लागणार नाहीत.