तिळं आहे, एक कमी करू का? (माझा अनुभव, जरा लांबलाय)

अगं, पोटात तीन बाळं आहेत, एक कमी करू का, ही तुझी पोस्ट वाचली आणि २०१८ चा माझा नोव्हेंबरच आठवला. आयव्हीएफ, तीन ठोके, डॉक्टर म्हणतायत एक कमी करा आणि आई म्हणतेय देवाने दिलेत तर तोच बघेल, सेम टू सेम. मी डॉक्टर नाही हां, यातून गेलेली बाई आहे, तेवढंच धरून वाच.

रिडक्शन, म्हणजे तिघांतल्या एका गर्भाचा ठोका थांबवणं, का सुचवतात ते तुला सांगितलंच असेल. आधी एवढंच विचार की तिघांची वार (प्लॅसेंटा) वेगवेगळी आहे का, आणि ते रिपोर्टवर लिहून घे. दोघांची वार एकच असेल तर त्यातल्या एकाला ते ठोका थांबवणारं पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन देत नाहीत, दुसऱ्यालाही धोका असतो, मग पद्धतच वेगळी.

आता माझा मूर्खपणा. हे साधारण ११ ते १४ आठवड्यांत करतात. मी बाराव्यात गेले तर काउंटरवरची बाई म्हणे मिस्टरांची सही आणा. नवरा मस्कतला. मग म्हणे सासऱ्यांची चालेल! सासऱ्यांना मी तीन आहेत हेच सांगितलं नव्हतं. गप घरी आले, नऊ दिवस वाया. १९७१ च्या एमटीपी (म्हणजे गर्भपाताच्या) कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, हे दुसरीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले, रागाने.

त्या नऊ दिवसांत मामेभावाने मला ते ट्रॉलीचं कोडं ऐकवलं, सुसाट ट्रॉली पाच जणांवर चाललीय, ती वळवून पाच वाचवायला एक मारायचा का वगैरे. (फिलिपा फुट या तत्त्वज्ञ बाईंनी ते १९६७ मध्ये गर्भपातावरच्या लेखातच मांडलंय, हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं.) पण कोड्यात काही केलं नाही तर पाच मरणार हे ठरलेलं असतं गं. इथे तिघंही जगतील किंवा तिघंही जातील, कोणी लिहून देत नाही. म्हणून 'दोघांसाठी एक' हा हिशोब मला आजही पटत नाही, तरी मी तेच केलं आणि वेळ आली तर परत करेन. तू करावंस असं मात्र म्हणत नाहीये.

तिघांतलं कुठलं कमी करायचं, ते मला विचारू नका असं मी डॉक्टरांना म्हटलं होतं. तपासणीत तिघंही ठीक होती, त्यामुळे डॉक्टरांनी सुई सहज पोचेल ते वरचं घेतलं. मॉनिटर माझ्यापासून वळवला होता, पण औषधांच्या कपाटाच्या काचेत सगळं दिसत होतं. तू आधीच काचेवर चादर टाकायला सांग.