८ महिन्यांचं बाळ सतत चिकटून असतं, पाहुणे दिसले की रडतं. फार उचलून घेतल्यामुळे लाडावलंय का?

नाही. साधारण ८व्या महिन्याच्या सुमारास बाळाला आपलं माणूस आणि परकं माणूस नीट वेगळं ओळखता येतं. तुम्ही दिसेनासे झालात तरी कुठेतरी आहात, हेही कळू लागतं. परत कधी येणार, ते मात्र कळत नाही. म्हणून ते रडणं. बऱ्याच मुलांमध्ये हे १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान जोरात असतं आणि मग ओसरतं.

उचलून घ्या, खुशाल. स्वतःला सावरायला मूल आधी कुणाच्या तरी कुशीत शांत होऊनच शिकतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत बोलणाऱ्या आईने अचानक चेहरा निर्विकार करायचा. बाळं हसून, हातवारे करून तिला बोलतं करू बघत. जमलं नाही की तोंड फिरवत, रडत. (मोबाइलमध्ये डोकं घालून ‘हं, हं’ करणारे आपण सगळे इथे आठवतात.) चोवीस तास लक्ष देणं कुणालाच जमत नाही, त्याची गरजही नाही. तुटलेला संवाद पुन्हा जोडला म्हणजे झालं.

गुपचूप सटकू नका. रडलं तरी ‘येते हं’ सांगूनच निघा. बुवा-कूक भरपूर खेळा. पाहुण्यांच्या हातात थेट देऊ नका, आधी तुमच्या कडेवरून न्याहाळू दे.

९ महिने होऊनही हाक मारल्यावर बघत नसेल किंवा हसून प्रतिसाद देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.