रोजचं बायबल-वाचन सुरू करणाऱ्याला

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नकोस. हुरूप असतो तोवर पुढचं निर्गम पार होतं आणि मग लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांत गाडी रुतते. त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा घे. सोळाच अध्याय आहेत, पण रोज पाच-सहा वचनांपुढे जाऊ नकोस.

पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी येतो, तिथे थांब. नुसत्या शब्दानेही येशू त्याला बरा करू शकला असता. पण तो आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, ज्याच्या जवळपासही कुणी फिरकत नसे. आता विचार कर, सध्या तू कुणाला टाळतोयस? ज्याच्याशी अबोला धरलाय तो भाऊ? त्याचं नाव वहीत लिही आणि संध्याकाळपर्यंत फोन कर. लांबलचक मनन लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे. (मनन लिहिताना माणूस स्वतःवरच खूश होत जातो, हेही खरं.)

एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नकोस, आजचं वाच. न कळलेल्या वचनापुढे पेन्सिलीने खूण कर आणि रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पाळकांना गाठ. कॅथलिक असशील तर मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं ठरलेलीच असतात, निवडायची कटकट नाही.